इंजिनेर मिस्त्री

आमच्या खालच्या गाळ्यात मिस्त्री राहायला आले तेव्हा त्यांच्या ट्रकमधून गादी उतरली नाही, भांडी उतरली नाहीत, देवही उतरले नाहीत. उतरलं ते फक्त लाकूड. सागाच्या लांबलचक जुन्या फळ्या, खिळ्यांची भोकं पडलेल्या, काही मिठानं पांढुरक्या झालेल्या. मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात बारावीला होते. आई आणि मी गॅलरीतून बघत होतो. सगळा ट्रक रिकामा झाल्यावर हमालानं शेवटी एक पत्र्याची ट्रंक आणि एक बादली आणून ठेवली.

आई म्हणाली, "याचा संसार येवराच?"

आमचं गाव करावे. भाताची जमीन नव्या शहरात गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बाबांनी दोन मजली घर बांधलं. वर आम्ही, खाली दोन गाळे. बाबा पूर्वी भात लावायचे, भरती बघून खाडीत जाळं टाकायचे. आता सकाळी अंघोळ करून, पांढरे कपडे घालून ते खाली खुर्ची टाकून बसत. दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांना नुकताच पडायला लागला होता, त्यामुळे नवा भाडेकरू आल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

मिस्त्री फळ्यांची थप्पी रचत होते आणि दर दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवत होते. बाबांनी विचारलं, "ये कशाला?"

"हवा खेळली पाहिजे. वर्षभर याला हात लावायचा नाही. लाकूड बसलं पाहिजे."

"बसला पायजे म्हंजी?"

"उरणकडच्या मिठाच्या गोदामाचं लाकूड आहे. गोदाम पाडलं, तिथून आणलं. आता इथली हवा त्याला कळली पाहिजे. नाहीतर नंतर फाटतं."

बाबा वर येऊन आईला म्हणाले, "आपून सुकट सुकवतो, तसा यो लाकूड सुकवतंय."

ते इंजिनिअर आहेत हे दुसऱ्या दिवशी कळलं. करारपत्रावर त्यांनी तसं लिहिलं होतं. बाबांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग खाली जाऊन विचारलं, "इंजिनेर हाय, तं सुतारकी कशाला करतंस?"

"आवडतं म्हणून," मिस्त्री म्हणाले.

या उत्तरावर बाबा बरेच दिवस विचार करत होते. गावानं मात्र तेवढा वेळ घेतला नाही. आठवड्याभरात त्यांचं नाव पडलं, इंजिनेर मिस्त्री. पुढे त्यातलं इंजिनेर गळालं.

त्यांची आधीची गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळली. आई त्यांना अधूनमधून ताट पाठवायची. ते परत द्यायला वर आले की दारात उभं राहून एखादं वाक्य बोलायचे. घर साताऱ्याला, वडील निवृत्त हेडमास्तर. पुण्याच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात चांगली नोकरी. कंपनीनं सहा महिने जर्मनीला पाठवलं. तिथे रविवारी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. म्हातारा वर्षाला आठ-दहा खुर्च्या करायचा, एकट्यानं. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. परत आल्यावर यांनी राजीनामा दिला. एवढं कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. लग्न का केलं नाही ते कधीच कळलं नाही. आईनं विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "राहून गेलं."

ताट ते रिकामं परत करत नसत. त्यात एखादा डाव असे, नाहीतर उलथनं. एकदा त्यांनी आईला काठवट करून दिली. त्याआधी चार दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आई तांदळाच्या भाकरीचं पीठ कसं मळते ते बघत होते. आई अवघडून गेली. "मिस्त्री, येवरा काय बघतंस?" तर म्हणाले, "तुमचा डावा हात जास्त जोर लावतो." काठवट आली ती एका बाजूला किंचित जाड होती. आईनं त्यात पीठ मळलं. जुनी काठवट त्याच दिवशी तिनं माळ्यावर टाकली.

कुणाच्याही घरी गेले की ते टेबलाखाली हात घालायचे. एकदा माझ्या थोरल्या काकांच्या नव्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, ते सरळ टीपॉयखाली आडवे झाले. काकांनी हजारदा कौतुक करून दाखवलेलं फर्निचर. मिस्त्री बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "खालून बघावं. वरून सगळेच चांगले असतात." काकांनी ते वाक्य स्वतःवर घेतलं आणि त्यांना कधीही माफ केलं नाही.

खुर्ची पूर्ण झाली की ते आठ दिवस स्वतः तिच्यात बसत. तिथेच जेवत, पेपर वाचत, लसूण सोलत. आठ दिवसांत एकदा जरी त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं, पाठीला काही टोचलं, पाय अवघडला, तर ती सुटी करून पुन्हा करायला घेत. "बसल्यावर खुर्ची आठवली, म्हणजे खुर्ची चुकली," असं म्हणत. खिळा ते वापरत नसत. लाकडात लाकूड बसवायचे, आणि सांधा असा की नख जाणार नाही. पटाशीनं खाच कोरताना ते श्वास रोखून धरायचे. मी जिन्यावर बसून बघायचे तेव्हा माझाही श्वास आपोआप थांबायचा.

गिऱ्हाईकं येत ती वाशी-नेरूळच्या फ्लॅटमधून, एकाकडून दुसऱ्याला कळून. त्यांना ते कागदपेन्सिल घेऊन प्रश्न विचारत. जेवताना पाय कुठे ठेवता? पेपर उजवीकडून दुमडता की डावीकडून? घरात रडायचं झालं तर कुठे बसता? हा शेवटचा प्रश्न त्यांनी एका बँक मॅनेजरला विचारला. तो हसायला लागला, मग थांबला आणि जरा वेळानं हळूच म्हणाला, "बाथरूममध्ये." त्याला त्यांनी खिडकीपाशी ठेवायचं एक बाक करून दिलं.

एकदा मुंबईहून गाडी घेऊन एक इंटिरियर डिझायनर बाई आल्या. गाळाभर फिरल्या. "सर, तुमचा स्टुडिओ किती मस्त आहे!"

"हा गाळा आहे," मिस्त्री म्हणाले.

बाईंना एका ऑफिससाठी वीस खुर्च्या हव्या होत्या. मिस्त्रींनी विचारलं, "माणसं कोण?"

"म्हणजे?"

"बसणारी. वीस माणसं कोण?"

"अहो, कोणीही. स्टाफ आहे. बदलत राहणार."

"मग तयार मिळतात की," मिस्त्री म्हणाले आणि रंधा उचलला. बाई पुन्हा दोनदा आल्या. त्यांना ते काम फार आवडलं होतं. दुसऱ्या वेळी त्या स्वतःसाठी एक खुर्ची मागत होत्या. ती मात्र मिस्त्रींनी केली.

गाळ्यात त्यांना फोन नव्हता. साताऱ्याहून महिन्यातून एकदा, एक तारखेला, आमच्याकडे फोन यायचा. मी वरून हाक मारली की ते हात धुऊन, शर्टाची बटणं लावून वर येत आणि उभ्यानं बोलत. "हो. हो. बरं. नाही. हो." एका मिनिटात संपायचं. आई म्हणायची, "बापाशी बोलतंय का सायबाशी?"

एकदा ते हेडमास्तर स्वतः आले. काळी टोपी, छत्री, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सकाळच्या एस.टी.नं आले होते आणि अडीचच्या गाडीनं परत जायचं होतं. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ते गाळ्याच्या मधोमध छत्रीवर भार देऊन उभे होते. समोर नुकतीच झालेली, हात असलेली एक खुर्ची होती.

"हे तू केलंस?"

"हो."

"किती दिवस लागले?"

"चार महिने."

"चार महिन्यांत आम्ही अर्धा पोर्शन संपवायचो."

वडील आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग पाय दुखले असावेत, म्हणून त्या खुर्चीत बसले. चहा घेतला. साताऱ्यातल्या कुणाच्या तरी मुलाला अमेरिकेला नोकरी लागल्याचं सांगायला सुरुवात केली आणि वाक्य अर्धं असतानाच त्यांची मान कलली.

मिस्त्रींनी हातातली लाकडी मोगरी खाली ठेवली. पॉलिश पेपर घेऊन घासायला लागले, मग तेही थांबवलं. शेजारच्या किराणावाल्याला जाऊन रेडिओ बारीक करायला सांगितलं. ऊन वडिलांच्या तोंडावर यायला लागलं तसं शटर अर्धं ओढलं, इतकं हळू की आवाज आला नाही. आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी कपबश्या न्यायला दोनदा खाली आले, दोन्ही वेळा ते तसेच उभे होते. वडिलांचं तोंड जरा उघडं पडलं होतं. अडीचची गाडी गेली. सव्वातीनला ते जागे झाले, घड्याळ बघितलं आणि भडकले.

"उठवलं का नाहीस?"

"गाढ झोपला होतात."

"मला दुपारी झोप येत नाही. दहा वर्षांत आलेली नाही," ते म्हणाले. मुलानंच काही लबाडी केली असावी असा त्यांचा सूर होता. मग टोपी घातली, छत्री घेतली. निघताना खुर्चीच्या हातावरून एकदा बोटं फिरवली. "बरी आहे."

त्या दिवशी मिस्त्रींनी पुढे काही काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकासाठी केलेली ती खुर्ची त्यांनी सुटी केली. वडिलांचे पाय जमिनीला पूर्ण टेकत नव्हते, असं म्हणाले. पाय कापून कमी केले तर तोल जातो, म्हणून सगळी नव्यानं केली. त्यात पाच महिने गेले. पोत्यात शिवून साताऱ्याला पाठवायला ती तयार होती तेव्हाच एक दिवस दुपारी आमच्याकडे फोन आला. एक तारीख नव्हती. मीच उचलला. मिस्त्रींच्या भावाचा होता.

ते साताऱ्याला गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. संध्याकाळी आई खाली जाऊन त्यांच्याजवळ तासभर बसली. आई वर आली आणि म्हणाली, "त्याला रडाला येत नाय." त्यानंतर त्यांच्यासाठी आमच्याकडे फोन आला नाही. पहिले काही महिने एक तारखेला त्यांचा रंधा दुपारपर्यंत बंद असायचा.

माझं लग्न ठरलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. मुलगा उरणचा, कंटेनर यार्डात नोकरी. आमच्यात मुलीला द्यायच्या वस्तू मांडवात लावतात, गाव येऊन बघून जातं. घरातच कारागीर असताना पलंग बाहेरून कशाला आणायचा, म्हणून बाबा खाली गेले. मी जिन्यावर होते.

"मिस्त्री, डबल बेड पायजे. डोक्याकरं आरसा, दोन बाजूला कपाटा, वर बत्ती."

मिस्त्रींनी कागदपेन्सिल घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?"

मी बारावीत असल्यापासून ते मला तुम्हीच म्हणायचे. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी वर पळाले. खाली बाबा ओरडत होते आणि मिस्त्री शांतपणे सांगत होते की दोघांची माहिती नसेल तर पलंग करता येत नाही. मुलाला कोण विचारणार? बाबा म्हणाले, "कोनी इचारनार नाय. असा इचारतात काय?"

मग मिस्त्री स्वतः उरणला गेले. बसनं, टेप आणि वही घेऊन. आम्हाला ते परत आल्यावर कळलं. संध्याकाळी ते बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"खोलीचं माप आणलं. मुलाला विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला काय बनवायचं ते बनवा, मला काय त्या पलंगावर झोपायचं नाही."

बाबा हसले. "पोरा लाजतात, मिस्त्री. तुना लगीन नाय, तुना काय म्हाईत."

"तो लाजत नव्हता," मिस्त्री म्हणाले.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि मीसुद्धा बाबांसारखंच धरून चालले. पत्रिका छापल्या होत्या.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी शटर उघडलं. पलंग गाळ्याच्या मधोमध होता. तसा पलंग मी तोवर पाहिला नव्हता. कुठे नक्षी नाही, आरसा नाही, पण नदीतल्या दगडासारखे गोल झालेले कोपरे, आणि डोक्याकडची फळी अशी कललेली की बघूनच तिला पाठ टेकावीशी वाटावी. फक्त तो अरुंद होता. एका माणसाला ऐसपैस, दोघांना अशक्य.

बाबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "यो काय केलास?"

"जो झोपणार आहे, त्याच्या मापाचा केला."

थोरल्या काकांनी आणि किराणावाल्यानं बाबांना धरलं नसतं तर त्यांनी मिस्त्रींवर हात टाकला असता. अपशकुन, अपशकुन, असं काकी ओरडत होत्या. मिस्त्री जागचे हलले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की मी जिन्याच्या कठड्यावरून, सगळ्यांसमोर, ओरडले, "तुम्हाला माणसांतलं काही कळत नाही!" त्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही स्पष्ट आठवतो. मी त्यांना एखादी माहिती दिली होती आणि ती खरी आहे का, हे ते तपासून बघत होते.

बाबा त्याच दिवशी वाशीला गेले आणि शोरूममधून आरशाचा बेड घेऊन आले. तो मांडवात लागला, सगळ्यांना आवडला, माझ्याबरोबर उरणला गेला.

नवरा वाईट नव्हता. तो माझ्याशी कधी भांडलाही नाही. पनवेलला त्याचं आधीपासून एक घर होतं, एक बाई होती, आणि ती त्याच्या आईवडिलांना चालत नव्हती, एवढंच. पहिल्या दिवसापासून तो हॉलमध्ये चटईवर झोपला. मी आरशात स्वतःला बघत झोपायचे. दीड वर्षानं तो पनवेलला गेला तो गेलाच. सासू म्हणाली, तू राहा. मी करावेला परत आले.

घरात सगळे पलंगाबद्दल बोलत होते. मिस्त्रीच्या अवदसेनं झालं, असं काकी म्हणाल्या. तेव्हा आई पहिल्यांदा उसळली. "त्यानं इचारला तरी. आपून कोनी इचारला?"

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. मिस्त्री करवतीला धार लावत होते. मी म्हणाले, "तुम्हाला कळलं होतं, तर लग्न मोडायचं होतंत."

"मी बाबांना सांगितलं होतं."

"नुसतं सांगून काय होतं?"

त्यांनी करवत बाजूला ठेवली. "मला दुसरं काय करता येतं?" ते म्हणाले. "पलंग करता येतो, तो केला."

पलंग कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. आईनं किराणावाल्याच्या दोन माणसांकरवी तो वर माझ्या खोलीत नेला. बाबांनी बघितलं आणि मान फिरवली. मला त्या पलंगावर शांत झोप लागायची. हे स्वतःशी कबूल करायला मला बरेच महिने लागले.

किराणावाला गाळा सोडून गेला तेव्हा बाबांनी तिथे मला एसटीडी बूथ टाकून दिला. नव्या बिल्डिंगांमध्ये घरोघरी फोन आले नव्हते, रविवारी कॉल स्वस्त पडायचा, रांग लागायची. कोकणातली, देशावरची, कुठली कुठली माणसं पोराबाळांना घेऊन गावाला फोन करायला येत. मिस्त्रींनी बूथसाठी तीन स्टुलं करून दिली. स्टुलं दिल्यावर पुढच्या रविवारी ते बघायला आले आणि भिंतीशी बसून राहिले. मग दर रविवारी येऊ लागले.

"काय बघता?" मी विचारलं.

"गावाला फोन करताना माणूस पुढे सरकून बसतो," ते म्हणाले. "अगदी कडेला. मला वाटलं होतं मागे भिंतीला टेकेल. माप चुकलं माझं."

त्यांनी तिन्ही स्टुलं पुन्हा केली. तरी येत राहिले. येताना अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून येत. माझ्याशी फार बोलत नसत. आत काचेच्या दाराआड कुणीतरी ओरडून आईला तब्येत विचारत असायचं, कुणी बाळाला फोनवर हसायला लावत असायचं, आणि मिस्त्री हात मांडीवर ठेवून ऐकत असायचे. एकदा गर्दी ओसरल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला लावून देऊ का साताऱ्याला? भावाला?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "काय बोलायचं?"

ते तसेच बसून राहिले. असे दोन-अडीच वर्षांचे रविवार गेले. आठवडाभर मला बूथमध्ये भिंतीपलीकडून त्यांचा रंधा ऐकू यायचा. आवाज थांबला की मी हातातलं काम थांबवून तो परत सुरू व्हायची वाट बघायचे. त्यांनाही माझ्या बिलाच्या मशीनचा खडखड आवाज जात असणार. याहून जास्त काही नव्हतं, पण तेवढंही मला त्या दिवसांत दुसरीकडे कुठे नव्हतं.

गावाला मात्र त्यात जास्त दिसलं. एका संध्याकाळी थोरले काका बाबांना घेऊन बूथमध्ये आले. काकांनीच सुरुवात केली. टाकलेली पोर, बिनलग्नाचा मानूस, दर रविवारी नवा शर्ट. बाबांनी खाली मान घालून मला विचारलं, "काय हाय तुमचा?"

मी खरं सांगू शकले असते. ते सज्जन आहेत, त्यांना बोलायला कुणी नाही, आणि मलाही नाही, एवढं म्हटलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं, असं मला आज वाटतं. मी म्हणाले, "काही नाही. ते येतात, मी काय करू?"

पलीकडे रंधा चालू नव्हता. भिंत एका विटेची होती.

बाबा दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेले. पुतण्याला केबलचं ऑफिस टाकायचंय, जागा लागेल, असं काहीतरी म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "बरं." मुदत मागितली नाही. तीन दिवसांत ट्रक आला. सुकलेल्या फळ्या चढल्या, हत्यारांच्या पेट्या चढल्या, पोत्यात शिवलेली वडिलांची खुर्ची चढली. आई त्या दिवशी जेवली नाही.

जाताना ते बूथमध्ये आले. दोन गिऱ्हाईकं होती. मी बिल फाडत होते.

"येतो," ते म्हणाले.

"हं."

"तिसऱ्या स्टुलाचा पाय किंचित हलतोय. पावसाळा झाल्यावर ठोकून घ्या. आत्ता नको, लाकूड फुगलंय."

"हं," मी म्हणाले. मी वर बघितलं नाही. ट्रक कुठे जाणार आहे, हे मी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात धरलं की साताऱ्याला.

पुढे दीड-दोन वर्षांनी आईनं एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "त्याची खबर तरी घे." मी त्याचीच वाट बघत असल्यासारखी उठले. करारपत्रावर साताऱ्याचा पत्ता होता. मी पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत मी स्वतःची बाजू मांडली होती, ती फाडून टाकली. तिसऱ्यात एवढंच लिहिलं, की त्या दिवशी मी बोलले ते तुम्ही ऐकलं असणार, माझं चुकलं, आणि आई आठवण काढते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर त्यांचं नव्हतं. भावानं लिहिलं होतं. पत्र घेऊन मी वर गेले. बाबा गॅलरीत बसले होते. "कोनाचा?" त्यांनी विचारलं. मी उभ्यानंच वाचून दाखवलं.

"आपले पत्र पोचले. वडील गेल्यानंतर त्याचे आमच्याशी बोलणे अथवा पत्रव्यवहार नाही. तो इकडे आलेला नाही. तो आपल्याकडेच आहे आणि आपली माणसे त्याची काळजी घेत आहेत, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. त्याचा ठावठिकाणा लागल्यास आम्हालाही कृपया कळवावे."

बाबा रस्त्याकडे बघत होते. आई आतून दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

"परत वाच," बाबा म्हणाले.

मी परत वाचलं.